ओतणारा हात

प्रिय भिंगोबा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय तुझं. मध्यंतरी तुझ्या ओळी जिना चढायला निघाल्यासारख्या वर वर जायच्या, आता सरळ चालतात. शाई सांडलेली नाही, खाडाखोड नाही, आणि खाली सही अशी ठसठशीत की बँकेनेसुद्धा शंका घेऊ नये. वाचून आधी मला हसू आलं आणि मग मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू दोनच गोष्टी विचारल्या आहेस. मी अजून रागावले आहे का, आणि रविवारी तुला घरी न्यायला मी येणार ना. दोन्हींची उत्तरं देणार आहे, पण माझ्या चालीने. सरळ मुद्द्यावर यायला मला कधीच जमलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणखी एक. हे पत्र तुझ्या हातात येणार नाही. वैद्यबुवा ते तुला वाचून दाखवणार आहेत. असं का, ते ओघाने येईलच. तेव्हा वैद्यबुवा, आधी तुम्हाला नमस्कार. मधे कुठे नवराबायकोच्या गोष्टी आल्या तर खुशाल खोका, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा, पण ओळ गाळू नका. तुमची ती अर्धं सांगायची आणि अर्धं पोटात ठेवायची सवय मला चांगली माहीत झाली आहे.

आधी इकडची खबरबात. तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तुझी जागा राखून ठेवली आहे. काचा घासायच्या चाकावर तुझंच जुनं फडकं टाकलेलं असतं. मधे त्यांनी एक नवा माणूस ठेवून पाहिला. काच बरी घासायचा, पण फ्रेममध्ये बसवताना असा जोर लावायचा की कडेचा टवका उडायचा. एक आजोबा चष्मा परत घेऊन आले आणि म्हणाले, यातून आमचा जिना वाकडा दिसतो. मालक म्हणाले, आजोबा, जिना वाकडाच असेल. आजोबा म्हणाले, असेल, पण जुन्या चष्म्यातून सरळ दिसायचा. तो जुना चष्मा तू केलेला होतास. मालकांनी हे मला दुकानात बोलावून सांगितलं आणि सांगताना तुझं फडकं झटकून पुन्हा चाकावर टाकलं. त्यांनी तुझ्यावर किती आरडाओरडा केला होता ते मी विसरलेले नाही, पण त्या दिवशी मी त्यांना मनातून माफ करून टाकलं.

आमच्या शिवणाच्या दुकानात उसवणं आणि पुन्हा शिवणं चालूच आहे. त्या जाड्या गृहस्थांची पँट मी सैल केली, मग आत घेतली, आणि आता पुन्हा सैल करायला टाकून गेलेत. तो माणूस थंडीत वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा असतो. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की तुझी चौकशी करतात. चौकशी तुझी करतात आणि बघतात माझ्याकडे, मी किती वाळले ते. मी पोट पुढे काढून चालते.

तू प्यायला नेमका कधी लागलास हे मला सांगता येणार नाही. सगळे जसे कधीतरी घेतात तसा घ्यायचास. मग संध्याकाळची झाली, मग रोजची. पण मी पहिल्यांदा घाबरले ती संध्याकाळी नाही, एका सकाळी. तू चहाचा कप उचललास आणि बशीत ठेवताना तो वाजला. नुसता किणकिणत राहिला. थरथरत्या हाताने भिंगाची कड घासता येत नाही, म्हणून तू कामावर जाण्याआधी घोटभर घ्यायला लागलास, आणि खरंच हात थांबायचा. तिथेच घात झाला. दारूनेच हात बिघडवायचा आणि दारूनेच तो ताळ्यावर आणायचा, मग माणसाने बायकोचं ऐकावं तरी कशाला? मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, बाटल्या मोरीत ओतून पाहिल्या. एकदा तू स्वतःच शपथ घेऊन एका फटक्यात सगळी बंद केलीस आणि दोन-तीन दिवसांत दुकानात चाकापाशी झटका येऊन कोसळलास. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की असं अचानक तोडणं जिवावर बेततं. त्यांनी तुला वाचवलं. पण घरी आल्यावर तू पुन्हा त्याच बाटलीपाशी गेलास, आणि या खेपेला तुला पिण्याची भीती वाटत नव्हती, थांबण्याची वाटत होती.

वैद्यबुवांचा पत्ता आपल्याला कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दिला. एके काळी तोही प्यायचा आणि त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला लोक घाबरत. तो म्हणाला, वहिनी, मला बघा आणि ठरवा. मी बघितलं. वस्तरा कसा पाण्यावर फिरल्यासारखा फिरत होता. तुला मी जवळजवळ ओढतच नेलं. मला वाटलं होतं, कोणीतरी मोठा जटाधारी असेल, धूर असेल, मंत्र असतील. निघाले हे. स्वेटर उलटा घातलेला आणि चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. तू पहिलं काय केलंस, तर त्यांचा चष्मा मागून घेतलास आणि म्हणालास, आधी हा दुरुस्त करू, मग माझं बघा. वैद्यबुवांनी तुझी नाडी धरली, जीभ बघितली, डोळे बघितले, रक्ताच्या तपासण्या इस्पितळातूनच करून आणायला सांगितल्या. मग त्यांनी जे विचारलं ते तोवर कोणी विचारलं नव्हतं. किती पिता, हे नाही. म्हणाले, तुम्हाला सडकून भूक लागल्याची शेवटची आठवण कोणती? तुला ती सापडेना. मला तिथेच रडू आलं.

उपाय त्यांनी सांगितला तो ऐकायला इतका साधा की मला शंकाच आली. शरीराला सवय झालेली गोष्ट, मग ती विष का असेना, एकदम हिसकावून घ्यायची नाही. पाव भाग काढायचा आणि तेवढाच भाग चांगल्याचा घालायचा. जागा रिकामी ठेवायची नाही, रिकाम्या जागेत जुनंच परत येऊन बसतं. शरीर सरावलं की आणखी एक पाव. खजूर आणि मनुका भिजवून घुसळायच्या, त्यात डाळिंबाचा रस, ते पाणी दारूच्या जागी. बरोबर ब्राह्मी, रात्री तूप. आसवं आणि अरिष्टं म्हणून जी मुरवलेली औषधं असतात ती त्यांनी तुला मुद्दाम दिली नाहीत, कारण मुरताना त्यांत आपोआप मद्य तयार होतं. इतका बारीक विचार त्या माणसाने केला होता. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, यात एकच पथ्य कडक आहे. रोग्याने स्वतः ओतून घ्यायचं नाही. त्याचा हात रोज थोडा सैल सुटतो. ओतणारा हात दुसऱ्याचा हवा, रोज तोच हवा, आणि न हलणारा हवा.

आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. म्हणालास, ही मापाडी आहे, हिच्या नजरेतून सुताचाही फरक सुटत नाही, हिने नुसतं बघून सांगितलेली कंबर टेपने मोजली तरी तीच निघते. वैद्यबुवांनी गंमत म्हणून माझ्यापुढे पेला आणि तांब्या ठेवला, अर्धा भरा म्हणाले. मी भरला. त्यांनी मोजून बघितलं आणि इतके खूश झाले की स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. अशी माणसं मिळत नाहीत, म्हणाले. मला किती अभिमान वाटला. तुझ्या आजारात इतकी वर्षं मी नुसती उभी होते, आता माझ्या हाताला काम मिळालं होतं.

मग आपल्या त्या संध्याकाळी सुरू झाल्या. मी दुकानातून यायचे, हात धुवायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेला ठेवायचे. आधी दारू, मापाने. मग खजुराचं पाणी. तू समोर बसायचास आणि माझ्या हाताकडे बघत राहायचास. मी धार बारीक धरते आणि शेवटी मनगट जरासं वळवून तोडते, दुकानात मशीनला तेल घालताना लागलेली सवय आहे ती. माझी बांगडी पेल्याच्या कडेला लागून वाजायची. ती वाजली की तू श्वास सोडायचास. तू काय काय युक्त्या केल्यास ते आठवतंय का? बाहेर आग लागली म्हणून ओरडलास. काकू बोलावतायत म्हणालास. एकदा तर चक्क माझ्या डोळ्यांची तारीफ केलीस, म्हणजे माझं पेल्यावरून लक्ष उडेल. मी थेंबभरसुद्धा जास्त घातली नाही. तू चिडायचास, रडायचास, पाया पडायचास, आणि मी दगड होऊन ओतायचे. सगळं आटोपल्यावर मात्र मोरीपाशी उभी राहून मी रडायचे, ते तुला माहीत नाही.

आणि तरी मी सुखात होते. वैद्यबुवा, आता खोका. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्याकडे इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं. मी जिन्यात पाऊल टाकलं की तू दार उघडून उभा असायचास. माझी चाहूल लागली की तुझा चेहरा फुलायचा. पाव गेला, अर्धी गेली, तू चांगला जेवायला लागलास, दाढी करताना कापून घेणं थांबलं, पण दारात उभं राहणं थांबलं नाही. मला वाटायचं, दारू कमी होते आहे आणि मी वाढते आहे. मी तुला परत मिळवते आहे. ज्या दिवशी पेल्यात नुसतं खजुराचं पाणी होतं आणि तू ते तोंड वेंगाडून पिऊन टाकलंस, त्या दिवशी आपण दोघं लहान पोरांसारखे स्वयंपाकघरात नाचलो.

त्यानंतरचं तुला आठवत असेल तर तुझ्या बाजूने आठवत असेल. माझ्या बाजूने असं होतं. तू दिवसभर दुकानात ठणठणीत असायचास, मालक तशी ग्वाही द्यायचे. मी घरी आले की तासाभरात तुझी घालमेल सुरू व्हायची. सुट्टीच्या दिवशी मी दिवसभर घरी असायचे आणि त्या दिवशी तू भिंतीवर मुठी आपटायचास. आई आजारी म्हणून मी माहेरी जाऊन राहिले तेव्हा मी धास्तावले होते, आल्यावर बाटल्या मोजाव्या लागतील म्हणून. तर काकू म्हणाल्या, अहो, किती शहाण्यासारखा राहिला, भांडीसुद्धा घासली. आणि मी परत आले त्याच संध्याकाळी तू बाहेर गेलास आणि पिऊन आलास. मला कळेना, हा माणूस मी नसताना बरा असतो आणि मी आल्यावर का बिघडतो? मी माझ्या परीने अर्थ लावला. म्हटलं, माझ्यापाशी तो मन सैल सोडतो. माणूस आपल्या माणसापाशीच कोसळतो. असा अर्थ लावून मी तुला आणखी बिलगले.

पुन्हा सगळं पहिल्यावर आलं तेव्हा वैद्यबुवांनी तुला त्यांच्याकडेच ठेवून घेतलं. पुन्हा पाव, पुन्हा अर्धी, या वेळी त्यांच्या देखरेखीखाली. तिथलं सगळं तूच लिहिलं आहेस, ते तेल लावणारे काका, कपाळावरची ती कोमट तेलाची धार, जिच्याखाली तू घोरायला लागायचास, बागेतले वाफे. या आजारात माणसाचं मन आनंदी ठेवणं हेसुद्धा औषध आहे, असं वैद्यबुवांचं म्हणणं. त्यांनी तुझ्यापुढे टेबल मांडलं, हत्यारं आणून दिली, तिथल्या म्हाताऱ्यांचे मोडके चष्मे दिले. तू फुललास. मग मी भेटायला आले. आपण बागेत बसलो, मी तुला जगमधून पाणी ओतून दिलं, तू हसत होतास आणि तुझ्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी म्हटलं, ऊन आहे. संध्याकाळी तू औषधांच्या कपाटाचं कुलूप तोडलंस आणि आसवांच्या बाटल्या मिळतील तेवढ्या प्यायलास. पुढच्या भेटीनंतर कुंपणावरून उडी मारून गेलास आणि पाय मुरगळून घेतलास. तू मला पत्रात लिहिलंस की मी नालायक आहे, मला सोडून दे. तू नालायक नव्हतास रे. माझ्याशिवायचे आठवडेच्या आठवडे तू साखरेसारखे गोड काढले होतेस. ते तुझ्या लक्षात आलं नाही, पण वैद्यबुवांच्या आलं.

त्यांनी मला एकदा गुपचूप बोलावलं. तू आतल्या खोलीत टेबलापाशी काचा पुसत होतास. मी आल्याचं तुला ठाऊक नव्हतं. दार अर्धवट लोटलेलं, मी व्हरांड्यात भिंतीच्या आड, आणि फटीतून तुझा हात आणि हनुवटी दिसत होती. वैद्यबुवांनी तेलवाल्या काकांना पेल्यात पाणी ओतायला लावलं. तू काच पुसत राहिलास. मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मी नेहमीसारखं ओतलं, बारीक धार, मनगट वळवून तोडली, बांगडी वाजली. तुझा हात थांबला. काच टेबलावर पडली. तू मान वर केलीस आणि हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलंस. तुला काही कळलं नव्हतं, तू इकडेतिकडे बघितलंस, खाली वाकून काच उचललीस. आणि तुझा हात थरथरत होता. इतका मी तो कपबशीच्या दिवसांतही बघितला नव्हता.

मी वैद्यबुवांना काय काय बोलले ते तेच सांगतील. मी दारू आहे का, म्हणून विचारलं. संसार केला, उपाशी राहिले, दगड झाले, आणि आता मीच बाटली? ते बिचारे ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, तुम्ही दारू नाही. पण त्याच्या शरीराला ते कोण समजावणार? त्याने रोज तुमचा हात बघितला आणि त्या हातामागून नशा आली. त्याच्या लेखी आता दोन्ही एकच. मी औषध बघितलं, म्हणाले, माप बघितलं, न हलणारा हात बघितला. तो हात कोणाचा आहे, हे बघितलं नाही. परका माणूस नेमायला हवा होता, बरं झाल्यावर त्याला निरोप देता आला असता. चूक माझी आहे. एवढा मोठा माणूस माझ्यापुढे खाली मान घालून बसला होता. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

मी लगेच हार मानली असं समजू नकोस. बांगडी काढली. साबण बदलला. केस कापले. तुला आठवतं का, शेवटच्या भेटीत तू म्हणालास, ही कोण पाहुणी आली? मी पाण्याला हात लावला नाही, तुझ्यापासून लांबच्या बाकावर बसले, थोडंच बोलले. तू समजलास मी रागावले आहे. त्या संध्याकाळी तू पुन्हा कपाटापाशी गेलास. या वेळी कपाट रिकामं होतं आणि तू नुसता त्याच्यासमोर बसून राहिलास, असं काकांनी सांगितलं. वैद्यबुवा म्हणाले, बांगडी काढाल, केस कापाल. चालणं कुठे काढून ठेवाल? आवाज कुठे ठेवाल? ज्याने मन ओढलं जातं त्यापासून मनाला लांब ठेवणं, हाही उपचारच आहे, आणि यातला सगळ्यात कठीण. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, काही वर्षांनी कदाचित. मी विचारलं, कदाचित म्हणजे? तर त्यांनी उलट्या स्वेटरचं बटण चाचपत विषय बदलला. अशा कदाचितवर मी कोणाचा साधा कोटसुद्धा शिवायला घेत नाही.

म्हणून मी यायची थांबले. मशीन बिघडलं, दुकानात गर्दी आहे, आईचं दुखणं वाढलं, ही सगळी मी रचलेली कारणं होती आणि वैद्यबुवांनी ती तुला तोंड वर करून सांगितली. त्या काळात काय झालं ते तूच बघ. तुझ्या ताई येऊन गेल्या, म्हणाल्या, गालावर मांस चढलंय, दोनदा वाढून घेतो, विनोद करतो. सबंध हिवाळा गेला आणि उन्हाळा आला, तुझ्या जिभेला एक थेंब लागला नाही. मी ते ऐकून शेजारी पेढे वाटावेत इतकी खूश झाले आणि मग पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले. माझ्या नसण्याचा गुण आलाय, हे कोणत्या तोंडाने कोणाला सांगू? तुझी भूक परत आली, म्हणजे मी आळवलेल्या देवाने ऐकलं. पण त्याने ऐकताना मला मधून काढून टाकलं.

तर आता तुझी उत्तरं. मी रागावलेली नाही, एक दिवसही नव्हते. आणि रविवारी मी येणार नाही. तुझ्या ताई येतील, त्याच आता तुझ्याजवळ राहतील. तू घरी पोचशील तेव्हा मी दुसऱ्या गावात असेन. तिथे एका मोठ्या शिवणकाम कारखान्यात मला काम मिळालंय. गावाचं नाव ताईंना सांगितलेलं नाही, म्हणजे तुला त्यांच्याकडून काढता येणार नाही. मशीन घेऊन चालले आहे. माझे कपडे, उशी, कंगवा, स्वयंपाकघरातलं ते टेबल, सगळं काढलं. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना रंग दिला. घर तुझ्यासाठी माझ्यापासून धुऊन ठेवलंय. हे पत्रसुद्धा वाचून झालं की वैद्यबुवा आपल्यापाशी ठेवून घेतील, माझं अक्षर तुझ्या हाती नको म्हणून. मागू नकोस आणि मला शोधू नकोस. मला तू हवा आहेस, अजूनही, रोज, हे मी लपवत नाही. पण माझ्याजवळ राहून तू मरशील आणि लांब राहून जगशील, एवढं समजायला मला वैद्य लागत नाही. तुला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन आले त्या दिवशी निघताना मी हळूच मागे राहिले होते आणि त्यांना म्हणाले होते, हा बरा होत असेल तर मी वाटेल ते करीन. तेव्हा मला वाटलं होतं, कष्ट करावे लागतील.

लांबूनही तुझीच,
मापाडी